ठेव जप्त

भाचीने फलक लिहिला: व्हिंटेज कॉस्च्युम ज्वेलरी,
प्रदर्शन व विक्री, शनिवार-रविवार,
चरई, पहिला मजला, चपला बाहेर.
अण्णा असते तर म्हणाले असते,
एवढं लांबण कशाला, लिही ना, खोटे दागिने.
पंचेचाळीस वर्षं ते हेच सांगत आले
शाळांच्या शिपायांना, नाट्यमंडळांच्या चिटणिसांना,
आणि मुलीच्या आईला, जी दुकान बंद व्हायच्या वेळी येऊन
हळू विचारायची, लग्नापुरतं मिळेल का काही?
मिळेल. खोटंच आहे. परत आणा.

टेबलं केटररची, अजून हळदीचा वास येणारी.
त्यांवर मी अण्णांच्या ट्रंका उपड्या केल्या.
राजांचे सहा कंठे, राणीचा एकच
(राजे बदलत, राणी तीच असे),
नखाने साल निघणारे मोती,
दरवेळी नेमका साडीत अडकणारा द्रौपदीचा बाजूबंद,
एका देशाचे खडे, जो देशच आता त्या नावाने उरला नाही,
आणि ऐंशी सालचा गुलाबी प्लास्टिकचा हार,
ज्यावर घोडबंदर रोडच्या मुली तुटून पडल्या.
पितळ तर सगळीकडेच उघडं पडलं होतं.
मी चिंच लावली नाही. तसंच मांडलं.

साडेतीनला पंखा बंद पडला, तेव्हा
वनिता तरे आल्या, कळव्याहून.
काही बघितलं नाही. पर्समधून कुंकवाची डबी काढली,
डबीतून कापूस,
कापसातून एक कुडी.

"मी कैकेयी होते, सहावीत.
कोपभवनात दागिने फेकायचे असतात ना,
मी अगदी मन लावून फेकले.
बाईंनी टॉर्च घेऊन सगळं स्टेज झाडलं.
दहा रुपये ठेव बुडाली म्हणून घरी वडिलांनी मारलं.
रात्री आईने वेणी सोडली, तर ही आत, केसांत.
आई म्हणाली, आता राहू दे.
मार खाऊन झालाय."

अण्णांची वही माझ्या खुर्चीखालीच होती.
सात जानेवारी त्र्याऐंशी. कळवा. कैकेयी.
कुडी एक कमी. ठेव जप्त.
अक्षर असं, की माणूस रागावलेला नसावा.

दुसरी कुडी मी काढून शेजारी ठेवली.
ती नंतर भलत्याच जोडीदारासोबत फिरली होती,
तारा, मंदोदरी, एकदा शूर्पणखा.
मधला खडा गेलेला,
तिथे कुणीतरी टिकली चिकटवलेली.
आणि वनिताबाईंची कालच घडवल्यासारखी,
एका संध्याकाळीपुरती घातलेली.
बहिणी म्हटल्या तरी कुणी मानलं नसतं.

"भाडं किती झालं?" त्या विचारत होत्या. मला वाटलं थट्टा.
पण पर्स उघडीच होती.
मग मी पेन्सिल घेतली. जोडीला दिवसाचे चार आणे,
म्हणजे एकीला दोन.
एक्केचाळीस वर्षं. लीप वर्षं सोडून दिली.
अठराशे सत्तर रुपये, साडेबासष्ट पैसे.
दोघी त्या आकड्याकडे बघत बसलो,
घामाने माझा कागद टेबलाला चिकटला.

"ही जोडी केवढ्याला?" गुलाबी हारवाली मुलगी.
जोडी नाहीये ती, मी म्हणाले.
आहे, वनिताबाई म्हणाल्या.
मुलगी जरा थांबली, मग बांगड्यांकडे गेली.

वहीत मी "कमी" खोडलं, "आली" लिहिलं,
पुढे आजची तारीख.
आणि गल्ल्यातून ठेव काढून दिली. दहाचं नाणं.
हल्ली ते कुणी घेत नाही,
भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे खोटं म्हणतात.
वनिताबाईंनी घेतलं. पालथं करून पाहिलं.
कापसात गुंडाळलं, डबीत ठेवलं,
झाकण दोनदा दाबलं,
आणि जिन्यात चपला शोधायला गेल्या.